शेवटचा आल्याशिवाय

आमच्या सायकल मंडळाला घटना नव्हती, अध्यक्ष निवडायची भानगड नव्हती, बोधचिन्ह म्हणून छापलेला गरुडही धड गरुडासारखा दिसत नव्हता. नियम मात्र एक होता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. चालत्या सायकलीवर ज्यानं त्यानं आपल्या खिशातलं खायचं, थांबल्यावर खिसा बंद, फक्त डबा. आणि डबा शेवटचा माणूस आल्याशिवाय उघडायचा नाही.

हा नियम कुणी घातला ते ठाऊक नाही, पण त्याचा सगळ्यात जास्त फायदा मला झाला, कारण शेवटची नेहमी मीच असायची. सांगलीहून निघालेली सगळी माणसं कऱ्हाडपर्यंत एकत्र असायची. पुढं चढ लागला की एकेक करून दिसेनाशी व्हायची आणि मी गुडघ्यांची समजूत काढत एकटी मागं राहायची. पण वर कुठंतरी झाडाखाली ही सगळी मंडळी बंद डब्यांकडं बघत बसली आहेत, हे मला माहीत असायचं. मी पोचले की आधी शिव्या, मग टाळ्या, मग झाकणं उघडल्याचे आवाज. "आल्या बाई एकदाच्या वहिनी! अजून जरा उशीर केला असता तर मी हँडलच खाल्लं असतं," असं इरफान मुल्ला ओरडायचा. मुल्लाचं मिरजेत सायकलींचं दुकान. मंडळात तो सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात खादाड.

माझा नवरा धैर्यशील खराडे तासगावच्या एका बेदाण्याच्या शीतगृहात मॅनेजर होता. लोकांसमोर मी त्याला 'अहो' म्हणायची आणि घाटात 'अरे'. चढावर 'अहो' म्हणण्याइतका श्वास कुणाकडं असतो?

आमचं लग्नही बेदाण्यांनीच जमवलं. लांब सायकल चालवणाऱ्याचा पहिला धडा पायांचा नसतो, पोटाचा असतो. शरीरात जळण दोन प्रकारचं. एक साखर. ती यकृतात आणि स्नायूंत थोडीशीच साठते, पण उसाच्या चिपाडासारखी भुर्रकन पेटते. दुसरी चरबी. ती अगदी सडपातळ माणसाकडंही आठवड्यांची शिल्लक असते, पण ती ओला ओंडका. पेटते हळू, धग देते बेताची, आणि तीही साखरेची काडी चालू असेल तोवर. जोरात सायकल मारली की दोनेक तासांत चिपाडं संपतात. मग अंगावर चरबीची वखार असूनही माणूस रस्त्यात बसतो. याला आम्ही 'बत्ती गुल' म्हणायचो.

माझी बत्ती पहिल्यांदा गुल झाली ती कवठेमहांकाळच्या पुढं. मी रस्त्याकडेला बसून हमसाहमशी रडत होते आणि सायकल विहिरीत ढकलायची भाषा करत होते. जेमतेम तोंडओळख असलेला एक उंच मुलगा परत फिरून आला, शेजारी बसला आणि माझ्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवत गेला. "रडून झालं की चाव," एवढंच म्हणाला. मूठभर बेदाणे पोटात गेले आणि जग परत जागेवर आलं. अशा माणसाशी लग्न करू नये तर काय करावं?

पुढं संसारातही आम्ही तेच केलं. मी विनाकारण चिडले की तो वाद घालायचा नाही. वाटी पुढं करायचा. तो घुम्यासारखा बसला की मी थालीपीठ टाकायची. आमची निम्मी भांडणं खरं तर भूकच होती. निम्मी खरीही होती, नाही असं नाही, पण तीही जेवून उठल्यावर लहान व्हायची.

धैर्यशीलचं एक दुखणं होतं. त्याला सांगली ते कन्याकुमारी एका दमात, म्हणजे चार दिवसांच्या मुदतीत, जायचं होतं. पाय तयार होते, पोट साथ देत नव्हतं. सतत सायकल मारताना रक्त सगळं पायांकडं धावतं आणि जठर संपावर जातं. खाल्लं नाही तर बत्ती गुल, खाल्लं तर उलटी. पहिल्यांदा तो बेळगावच्या पुढून परत आला, दुसऱ्यांदा केरळातून. दोन्ही वेळा तो सायकल भिंतीला टेकवून आधी मोरीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मग दाणा आला.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं. तांदळाच्या दाण्याएवढा, बेंबीच्या डाव्या बाजूला कातडीखाली सरकवायचा, म्हणून लोक दाणा म्हणायला लागले. तो रक्तातली साखर सतत मोजतो आणि ती उतरायला लागली की एक प्रथिन सोडतो. त्या प्रथिनामुळं चरबीच्या पेशींची दारं सताड उघडतात आणि स्नायू ती चरबी साखरेच्या वेगानं जाळू लागतात. थोडक्यात, ओला ओंडका चिपाडासारखा पेटतो. सकाळी पेलाभर पांढरं पेय घ्यायचं, त्यात चरबी, क्षार, जीवनसत्त्वं सगळं. झाला दिवस. आधी तो अतिलठ्ठ रोग्यांना बसवला, मग बर्फातल्या जवानांना, मग ट्रक चालवणाऱ्यांना, परीक्षेला बसणाऱ्यांना. सायकलवाले मागं कसे राहतील?

आणखी एक गोष्ट होती. भूक म्हणजे जठरातल्या काही पेशींनी मेंदूला मारलेली हाक. चरबी मोकळी सुटली की ती हाक दबते. आणि रोज हाक मारून कुणी ओ देत नाही म्हटल्यावर त्या पेशी हळूहळू झिजून जातात. हे शास्त्रज्ञांनी लपवलं नव्हतं, छापून सांगितलं होतं. पण भूक गेली म्हणून कोण रडणार? या देशात भूक जावी म्हणून किती पिढ्यांनी देव पाण्यात घातलेत!

मंडळात पहिला दाणा मुल्लानं बसवला. पुढच्या फेरीत आम्ही पाटणच्या अलीकडं काशीबाईंच्या भज्यांच्या हॉटेलापाशी थांबलो आणि मुल्ला थांबलाच नाही. "वहिनी, तुम्ही खाऊन या निवांत!" असं ओरडत हात हलवत गेला. त्या दिवशी आम्हाला हसू आलं. वर्षभरात थांबणारे आम्ही तिघंचौघं उरलो आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात काशीबाईंनी हॉटेलला कुलूप घातलं. नियम कुणी मोडला नाही. डबेच नव्हते, तर शेवटच्या माणसाची वाट कशासाठी बघायची? मी पोचायची तेव्हा झाडाखाली नुसती सावली असायची.

"सारिका, या एका राइडपुरता बसवतो," धैर्यशील एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला.

"आणि मग?"

"मग काढता येतो की."

"भूक काय चष्मा आहे, काढून ठेवायला आणि परत घालायला?"

"तसं न्हवं गं. पोटापायी दोनदा परत आलोय. तिसऱ्यांदा न्हाई यायचं मला."

मोरीतून बाहेर न येणारा माणूस मी दोनदा पाहिला होता. मी म्हणाले, "बसवा. पण मी नाही बसवणार. मला भूक आवडते."

तो कन्याकुमारीला मुदतीआधी पोचला. समुद्रासमोरचा त्याचा फोटो आजही दिवाणखान्यात आहे, आणि खरं सांगते, इतका सुखी मी त्याला आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. तो परत आला त्या दिवशी मी मटण केलं होतं. तांबडा रस्सा, तव्यावरची गरम भाकरी, कांदा फोडून. तो पाटावर बसला, तीन घास खाल्ले, आणि पाहुण्याच्या घरी ठेवतात तसा हात अदबीनं ताटाच्या कडेला ठेवला.

"छान झालंय," तो म्हणाला.

'छान झालंय' हे शब्द त्यानं त्याआधी कधी उच्चारले नव्हते. बरं झालं असलं की तो बोलायचाच नाही, नुसती वाटी पुढं करायचा.

दाणा काढायचं नाव मात्र कुणी काढलं नाही. दिवसाला सांधे असतात हे ते निखळल्यावर कळलं. न्याहारी, जेवण, चार वाजताचा चहा, रात्रीचं ताट. या सांध्यांवर आम्ही दिवसातून चारदा एकमेकांना भेटत होतो. आता त्याचा दिवस सलग होता. तो कामावरून आला की सरळ सायकल घेऊन बाहेर पडायचा. सोसायटीत गॅस कुणी पेटवेना. जिन्यातून फोडणीचा वास यायचा बंद झाला. 'जेवलीस का?' असं रस्त्यात विचारणं आमच्याकडं नमस्कारासारखं होतं, तेही गेलं. आमची लेक केतकी पुण्याला, तिनं तर नव्या घरात स्वयंपाकघराच्या जागी झोपाळा टांगला. "आई, तुझं अजून तेच का गं, कणीक बिणीक?" असं ती प्रेमानंच म्हणायची.

मी जेवायला बसले की धैर्यशील सोबत म्हणून समोर येऊन बसायचा. हेच मला सोसेना. एक माणूस चावतोय आणि दुसरा बघतोय, याला पंगत म्हणत नाहीत. गोठ्यात असं असतं.

एके दिवशी मी घास खाली ठेवला. "मी जेवताना तुम्ही बाहेर जाऊन बसत जा."

"का? काय केलं मी?"

"काही केलं नाही. तेच. मला माझा जेवणारा माणूस पाहिजे, धैर्यशील. बघणारा नको."

घरात मी त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. तो उठून गॅलरीत गेला. मी कालवण तसंच टाकून दिलं, आणि संध्याकाळी भूक लागल्यावर स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्याच आठवड्यात तो मला घेऊन डॉ. आरवाडेंकडं गेला. त्यांनीच त्याला दाणा बसवला होता. काढायचं म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काढणं दहा मिनिटांचं काम आहे, खराडे. पण काढल्यावर तुम्ही पूर्वीचे होणार नाही. चरबीची दारं पूर्वीपेक्षाही अरुंद होतात. यकृताची साखर सोडायची सवय मोडलेली असते. आणि भूक परत येईल असं मी सांगू शकत नाही. माझ्या एकाही पेशंटला ती नीट आलेली नाही."

"म्हणजे खाता येणार नाही?"

"खाता येईल. खावंच लागेल, घड्याळ लावून. भुकेची वाट बघायची नाही. घाम, थरथर, चिडचिड, यातलं काहीच कदाचित होणार नाही. साखर उतरेल आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. सायकल चालवताना तर दर अर्ध्या तासाला."

"मग राहू दे," मी म्हणाले. मी खरंच म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "मला नको. मी जेवीन एकटी."

धैर्यशील हसला. "तू गप की. मलाही कंटाळा आलाय सलग जगायचा."

त्याच्या मनगटावर नवं घड्याळ आलं. ते थरथरायचं आणि एका बाईच्या गोड आवाजात म्हणायचं, 'खाण्याची वेळ.' मी तिचं नाव सवत ठेवलं. सवतीनं हाक मारली की तो लगेच उठून बेदाणे तोंडात टाकायचा. "माझं ऐकलंत का कधी इतकं?" मी विचारायची. आम्ही परत समोरासमोर बसून जेवायला लागलो. तो पोळी मागायचा, वाटी पुढं करायचा, बोटं चाटायचा. पहिला महिनाभर मी सुखात होते. जिन्यातून एकट्या आमच्याच घरच्या फोडणीचा वास जायचा.

मग एकदा मी जेवता जेवता फोन घ्यायला थांबले आणि पाहिलं, तोही थांबला. मी परत घास उचलला, त्यानंही उचलला. मी मुद्दाम पाणी प्यायले, त्यानं पेला घेतला. त्याची नजर माझ्या ताटावर होती. माझा हात थांबला की त्याचं पोट भरायचं. किती खायचं हे त्याला कळत नव्हतं, माणसं कशी जेवतात हे तो माझ्याकडं बघून आठवत होता.

एवढं करणाऱ्या माणसाला काय बोलायचं? त्या दिवसापासून मी जरा जास्त जेवायला लागले, म्हणजे त्याच्याही पोटात जास्त जाईल.

थंडी पडल्यावर तो म्हणाला, "कुंभार्ली करू या? आपण दोघंच. जुन्या पद्धतीनं. डबा मी करतो."

त्यानं खरंच केला. दूध घालून कणीक मळून दशम्या, कारण दशम्या प्रवासात तीन दिवस टिकतात, आणि शेंगदाण्याची चटणी. दशम्या भारताच्या नकाशासारख्या झाल्या होत्या. डबा बांधताना तो शीळ घालत होता. घाट उतरून आम्ही चिपळूणला मुक्काम केला. दिवसभर सवतीच्या प्रत्येक हाकेला त्यानं ओ दिली. डबा उघडायची पाळीच आली नाही, वाटेत माझ्या, दाणा न बसवलेल्या चुलतबहिणीनं पानं वाढली. "उद्या घाटमाथ्यावर उघडू," तो म्हणाला. "परतीच्या चढानंतर. तिथंच खरी मजा."

सकाळी पोफळीपासून चढ सुरू झाला. कुंभार्लीचा चढ त्या बाजूनं फार कठीण नाही, पण संपत नाही. पहिली काही वळणं तो माझ्या बरोबरीनं चालला. चढावर वळणं घेताना हात हँडलवरून निघत नाही, त्यामुळं खिशात हात कमीच जातो. तरी सवत बोलली तेव्हा त्यानं बेदाणे खाल्लेले मी पाहिले.

"जा तू पुढं," मी धापा टाकत म्हणाले. "माझ्या चालीनं चाललास तर तोल जाईल तुझा."

"वर थांबतो. डबा माझ्याकडं आहे, पळून जाशील कुठं?" असं म्हणून तो पायडलवर उभा राहिला आणि वळणाआड गेला.

पुढच्याच टप्प्यात माझं मागचं चाक बसलं. मी ट्यूब बदलली, तर घाईत नवी ट्यूब टायरखाली चिमटली आणि तीही फुसकन गेली. जुनीला ठिगळ लावलं, सोल्यूशन वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. फोनला रेंज नव्हती. मला काळजी वाटत नव्हती. उलट मी मनातल्या मनात शिव्यांची तयारी करत होते, की पंक्चरच्या वेळी नेमका नवरा पुढं कसा असतो. पोटात भुकेनं कावळे ओरडत होते. मी बेदाणे खाल्ले, पण बेतानंच. दशम्यांसाठी जागा ठेवली होती.

घाटमाथ्यावरची टपरी केव्हाच बंद झाली होती. तिच्यापुढच्या कठड्यावर तो बसला होता. पाठ दगडाच्या खांबाला टेकलेली, हेल्मेट शेजारी, डबा मांडीवर आणि दोन्ही हात डब्याच्या झाकणावर. मान थोडी कलली होती. मला वाटलं डोळा लागला.

"झोपा, झोपा आरामात," मी लांबूनच सुरू केलं. "बायको तिकडं दोन-दोन पंक्चर काढतेय आणि साहेब इथं वारा खातायत. एक सांगते, आज चटणी निम्म्याहून जास्त माझी. ऐकताय ना? आणि खाली चहा..."

इतकं सगळं बोलून मी सायकल स्टँडला लावली, हातमोजे काढले, आणि मग त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ ओलं आणि गार होतं. श्वास होता, अगदी वरवरचा.

त्याच्या पाठीवरच्या खिशात बेदाण्याची पिशवी होती, जवळजवळ भरलेली. मी बेदाणे चावून त्याच्या तोंडात घातले, ते तसेच जिभेवर राहिले. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहिले. एक गाडी थांबली, आत चार मोठी माणसं. "साखर आहे का? चॉकलेट, सरबत, काही गोड, पातळ?" मी ओरडत होते. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यातली एक बाई रडवेली होऊन म्हणाली, "आमच्यात कुणी खात नाही हो." भली माणसं होती. त्यांनी त्याला उचलून गाडीत घेतलं, दवाखान्यात पोचवलं, शेवटपर्यंत थांबली. मी वाटभर बाटलीच्या पाण्यात बेदाणे कुस्करून त्याच्या हिरड्यांना लावत होते. शेवट दवाखान्याच्या दारात झाला.

डॉक्टरांनी घड्याळातली नोंद वाचून सांगितली. सवतीनं हाका मारल्या होत्या. घाटमाथ्यावर पोचल्यापासून प्रत्येक हाक त्यानं बोट लावून बंद केली होती.

मला कारण कुणी सांगायला नको होतं. तो थांबला होता. थांबल्यावर खिसा नाही, डबा, आणि डबा शेवटचा आल्याशिवाय उघडायचा नाही. आमच्या मंडळातलं दुसरं कुणीही असं मेलं नसतं, कारण दुसऱ्या कुणाला तो नियम परत आणायचा नव्हता. त्या नियमाची गंमत अशी होती की तो भुकेल्या माणसांनी केला होता. पोटात आग पडलेली असताना दुसऱ्यासाठी थांबायचं, म्हणून त्याला किंमत. आणि ती आगच वेळ आली की सांगायची, आता पुरे, मरू दे ती सारिका, उघडा झाकण! धैर्यशीलला थांबणं सोपं झालं होतं. त्याला काहीच सांगायला आत कुणी उरलं नव्हतं. तो उपाशी मेला आणि त्याला भूक लागलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं आटोपून आम्ही घरी आलो. आमच्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत. भावकीतली, शेजारची माणसं पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळेबळे दोन घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा इतक्या घरांतून भाकरी आल्या की टोपल्या ठेवायला जागा नव्हती. मी 'नको, नको' म्हणत होते आणि माझ्या जावेनं माझा जबडा धरून घास कोंबला होता. तो घास गिळल्यावरच मला रडू फुटलं होतं.

या वेळीही माणसं आली. जिना भरला, दिवाणखाना भरला. बायकांनी मला पोटाशी धरलं. केतकीनं सगळं निस्तरलं, कागदपत्रं, फोन, पाहुण्यांच्या गाद्या. एका शब्दानंही ती कुठं कमी पडली नाही. मुल्ला कोपऱ्यात भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. भाकरी मात्र कुणी आणली नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ज्यांच्या घरात भाकरी होत नाही त्यांच्या डोक्यात ती येणार कुठून?

मला भूक लागली होती. हे लिहायला लाज वाटते, पण घाटातल्या बेदाण्यांनंतर पोटात काही गेलं नव्हतं आणि पोटाला नवरा, मरण काही कळत नाही. सगळे गप्प बसलेले असताना माझ्या पोटातून मोठ्ठा गुरगुरल्यासारखा आवाज आला. बराच वेळ आला.

केतकीनं वर पाहिलं. "आई, हा कसला आवाज?"

इतर माणसंही बघायला लागली. कुणाला कळेना. एकट्या मुल्लाला कळलं. तो ताडकन उठला, जुन्या सवयीनं त्याचा हात पाठीवरच्या खिशाकडं गेला. तिथं खिसाच नव्हता, साधा सदरा होता. त्यानं दोन्ही बाजूंचे खिसे चाचपले. "वहिनी..." एवढंच म्हणाला आणि होता तसा खाली बसला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. सायकलीबरोबर डबा घरी आला होता, ओट्यावर कुणीतरी ठेवला होता. गॅस पेटवायचा नव्हता, आणि डब्याला गॅस लागत नाही. मी खाली फरशीवर बसले. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या वर केल्या आणि झाकण उघडलं.

आत त्यानं दोन वाटण्या केल्या होत्या. मध्ये केळीच्या पानाचा तुकडा आडवा घातला होता. एका बाजूला माझ्या दशम्या, दुसऱ्या बाजूला त्याच्या, अगदी तेवढ्याच. त्याच्या बाजूच्या चटणीत त्याला आवडायचा तसा जास्तीचा लसूण होता. भूक लागत नसलेल्या माणसानं तो आठवणीनं घातला होता.

"आले मी," मी म्हणाले. "आले शेवटची. उघडला बघा."

मी माझ्या वाटणीच्या दशम्या खाल्ल्या. कडक झाल्या होत्या, पण लागत होत्या गोड. पोट भरलं नाही. मग पानाचा तुकडा बाजूला केला आणि त्याच्याही खाल्ल्या, लसणाच्या चटणीसकट, शेवटच्या कणापर्यंत. दाराबाहेर केतकी कुणाला तरी सांगत होती की आईला जरा एकटीला राहू द्या. मी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले, झाकणावर दोन्ही हात ठेवून. भूक अजून होतीच.